चाकणचा तट : भुईकोटाची कुळकथा

सह्याद्रीच्या माथ्यावरील दुर्गांना अर्धा तट निसर्गानेच बांधून दिलेला असतो. पठारावरच्या ठाण्याला ते भाग्य नाही, म्हणून जेथे कडा नाही तेथे खंदक खणावा, निघालेली माती आतल्या अंगास रचून धुमसाने ठोकावी आणि तिला बाहेरून दगडी तोंड द्यावे, ही रीत रूढ झाली आणि तिच्यातूनच भुईकोट उभा राहिला. खंदक आणि तट ही एकाच खोदकामाची जुळी भावंडे होत. चीनच्या पश्चिम सरहद्दीवर, दुनहुआंगनजीकच्या वाळवंटात, हान सम्राटांच्या कारागिरांना तर दगडही दुर्मिळ होता; त्यांनी बोरू, झाऊच्या डहाळ्या आणि खडी यांचे थरावर थर ठोकून तट रचला, आणि दोन सहस्र वर्षांनंतरही त्याचे अवशेष टिकून आहेत. तटाचे खरे बळ त्याच्या गाभ्यात असते, असे मी मानतो ते यामुळेच.

आपल्या मुलखात याची साक्ष चाकणचा संग्रामदुर्ग देतो. आज पुणे-नाशिक हमरस्त्याने कारखान्यांकडे निघालेल्या मालमोटारींची रीघ ज्या गावाजवळून जाते, तेथेच इ. स. 1453 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जाराने कोकणच्या मोहिमेसाठी आपला तळ केला होता. पुढे निजामशाहीत आणि मग शिवाजी महाराजांच्या अमलात या ठाण्याचे महत्त्व ओसरले नाही, कारण अहमदनगरहून पुण्यास येणारी रसद डोंगर न ओलांडता याच वाटेने आणता येत असे.

मोगल सुभेदार शाएस्ताखानाने 21 जून 1660 रोजी येथे मोर्चे लावले ते याच कारणाने. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याच्यापाशी मूठभर शिबंदी होती आणि वर पावसाची झड लागली होती. तोफांना दाद न देणाऱ्या तटाखाली अखेर मोगलांनी आपल्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजापर्यंत भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि 14 ऑगस्टला दुपारी तिला बत्ती दिली. बुरूज आणि त्यावरील माणसे आभाळात उडाली. मात्र खिंडारातून आत घुसू पाहणाऱ्या मोगल फौजेस समोर दिसला तो दुसरा बांध, निव्वळ मातीचा, आतल्या लोकांनी आधीच घालून ठेवलेला, आणि त्याच्या आडून बाण, दारूचे गोळे नि धोंडे यांचा मारा सुरू झाला. दगडी बुरुजाने जे साधले नाही ते या कच्च्या मातीने एक रात्रभर साधले, आणि भुईकोट रचणाऱ्यांची सारी विद्या मला त्या बांधात एकवटलेली दिसते.

दुसऱ्या दिवशी मोगल तटावर चढले, शिबंदी बालेकिल्ल्यात हटली, आणि मोगलांकडील राव भाऊसिंह हाडा याच्या मध्यस्थीने फिरंगोजीने किल्ला खाली करून दिला. पठारावरच्या या एका कोटापायी खानाचे 268 लोक ठार आणि 600 जखमी झाले होते.