ब्रेक धरतो, पण सोडतो कोण?

‘ब्रेक लागत नाही’ ही तक्रार कुणालाही लगेच कळते. ‘ब्रेक सुटत नाही’ हे मात्र उशिरा लक्षात येतं. ॲव्हरेज पडतं, गाडी एका बाजूला ओढते, निगडीहून चाकणला पोचेस्तोवर एकाच चाकाला जळका वास यायला लागतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘कॅलिपर जाम आहे.’ हा जाम समजून घ्यायचा तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१९०२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकासोबत फिरणारी चकती दोन बाजूंनी चिमटीत धरायची, एवढीच कल्पना. पण पॅडही धातूचेच होते. ब्रेक दाबला की कर्कश किंचाळी, आणि धुळीच्या रस्त्यांवर पॅड झटपट झिजायचे. त्यामुळे पुढची पन्नास वर्षं ड्रम ब्रेकची गेली. ड्रममध्ये शू बाहेर ढकलले जाऊन आतून घासतात आणि पाय काढला की दणकट स्प्रिंगा त्यांना मागे खेचतात. म्हणजे सोडण्याचं काम ठरलेल्या भागाकडे होतं.

ड्रमची अडचण उष्णतेची. बंद डब्यात ती कोंडते आणि ब्रेकची पकड ढिली पडते. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने थंड होते. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही घरगुती गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊन आली.

आपल्याकडे हे यायला वेळ लागला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्कोने जमशेदपूरनंतरचा आपला कारखाना पिंपरीत उभारायला घेतला. त्या टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, ती पुढे डिस्क आणि मागे ड्रम घेऊन. आज इटलीच्या ब्रेम्बोसारखी नावाजलेली ब्रेक कंपनीसुद्धा चाकणला माल बनवते.

स्प्रिंगच्या जागी रबर

आता मूळ प्रश्न. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टनला मागे कोण खेचतं? स्प्रिंग नव्हे. कॅलिपरच्या आत एका खाचेत चौकोनी छेदाची रबरी रिंग, म्हणजे सील, बसवलेली असते. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ती किंचित पिळली जाते. पाय काढला की ती मूळ आकारात येते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेते. बस, एवढंच.

एवढ्याशा ओढीला अडवायला फार काही लागत नाही. धूळरोधक रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलं, पिस्टनला गंज चढला, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस सुकलं किंवा ब्रेकचा होज आतून फुगला, की पॅड डिस्कला घासतच राहतो.

दोष शोधायचा कसा?

सपाट जागी उलट्या चाकांना ओट लावून गाडी जॅकवर घ्या आणि स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडकत असेल तर जाणत्या मेकॅनिकला ब्लीडर निपल जरासं उघडायला सांगा. चाक मोकळं झालं तर तेलाचा दाब मागे कोंडला होता, म्हणजे संशय होजवर किंवा मास्टर सिलिंडरवर. तरीही अडलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा पिना.

पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन गंजला असेल तर किटसह बदलायचा किंवा कॅलिपरच नवा घालायचा. शेवटी नवं ब्रेक ऑइल भरून एअर काढायची. नुसते पॅड बदलले तर रोग तसाच राहतो आणि नवे पॅडही झिजतात.

हे टाळता का येत नाही, याचं उत्तर बोरघाटात मिळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. जाम कॅलिपरने आधीच तापलेल्या चाकात, खंडाळ्याच्या उतारावर, ते उकळलं तर वाफ होते. वाफ दाबली जाते, पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ‘सुटत नाही’ची तक्रार अशी ‘लागत नाही’पर्यंत पोचते.

या पट्ट्यात रोज नव्या गाड्या बाहेर पडतात, पण घरोघरी चालतात त्या दहा-पंधरा वर्षांच्या. पुढच्या सर्व्हिसिंगला ‘पॅड बघा’ एवढ्यावर थांबू नका. पिना सरकतात का आणि ऑइल शेवटचं कधी बदललं, हेही विचारा.