पाठ, पुरावा आणि शंका : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास

महाभारताचा संपूर्ण संस्कृत ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो कलकत्त्यात, १८३४ ते १८३९ या काळात. पुढे मुंबईत नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह पोथीच्या आकाराच्या आवृत्त्या निघाल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कुंभकोणम् येथून मुख्यतः दाक्षिणात्य पोथ्यांवर आधारलेली आणखी एक आवृत्ती बाहेर पडली. या ग्रंथांची श्लोकसंख्या जुळत नव्हती, अध्यायांची मांडणी जुळत नव्हती, आणि एका आवृत्तीतील आख्याने दुसरीत सापडत नव्हती. त्यामुळे महाभारताचा दाखला देऊन प्राचीन धर्माविषयी, विवाहपद्धतीविषयी किंवा भाषेच्या इतिहासाविषयी विधान करणाऱ्या अभ्यासकाचा आधारच डळमळीत राहत असे, कारण त्याने उद्धृत केलेला श्लोक कोणत्या काळचा आणि कोणत्या प्रांताच्या परंपरेतला, हे त्यालाही ठाऊक नसे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती ही या अडचणीवरची उपाययोजना होती. उपलब्ध पोथ्या अक्षरशः ताडून पाहून, त्यांच्या पुराव्यावर ठरवलेला पाठ आणि त्याखाली सर्व पाठभेद अशा रीतीने सिद्ध केलेल्या ग्रंथाला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. एकोणीस खंडांच्या या कामाचे मोठेपण सहसा त्याच्या आकारावरून मोजले जाते. परंतु संपादकांनी आपला प्रत्येक निर्णय, त्याचा आधार आणि त्यातील शंका वाचकासमोर उघड ठेवण्याचे जे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि संपादक बदलले तरी जे ढळू दिले नाही, त्यात या कामाचा खरा दर्जा आहे.

पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरवण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रती तपासून त्यांतील अपपाठ दूर केले आणि मूळ ग्रंथात पदरची ओवी घालू पाहणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. स्वतः नीलकंठ हे कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत राहून त्यांनी आपली टीका लिहिली आणि त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून त्यांतील उत्तम वाटलेले पाठ निवडले. या दोघांची निष्ठा निःसंशय होती. मात्र कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला आणि कोणता का टाकला, याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही, आणि त्यांच्या काळात तशी अपेक्षाही नव्हती. नीलकंठांचा पाठ पुढे इतका रूढ झाला की तोच महाभारत म्हणून सर्वत्र ओळखला जाऊ लागला.

आधुनिक अर्थाच्या चिकित्सक आवृत्तीची मागणी प्रथम युरोपात झाली. १८९७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिट्स विंटरनिट्स यांनी अशा आवृत्तीवाचून महाभारताचा ऐतिहासिक अभ्यास पुढे सरकणार नाही असे आग्रहाने मांडले, युरोपातील विद्वत्संस्थांनी काम अंगावर घेतले आणि १९०८ मध्ये हाइन्रिश ल्यूडर्स यांनी छपाईचा एक छोटा नमुना तयार केला. पहिल्या महायुद्धाने या प्रयत्नाचा शेवट झाला.

दरम्यान रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात संस्था स्थापन झाली होती. १९१८ मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे आश्वासन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. पहिले संपादक नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती छापून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली. अंतिम ग्रंथ सिद्ध करण्यापूर्वी आपली पद्धती जगापुढे ठेवून तिच्यावर टीका मागवणे हे त्या काळच्या भारतीय ग्रंथसंपादनात नवे होते, आणि आलेल्या टीकेमुळे पद्धतीत खरोखरच बदल झाले, ही गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले. १८८७ मध्ये जन्मलेल्या सुकथनकरांचे शिक्षण केंब्रिजमध्ये गणितात झाले होते. त्यानंतर बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला आणि काही वर्षे पुरातत्त्व खात्यात काढली. युरोपात थांबलेले काम ज्या विद्वानाने नमुन्यापर्यंत नेले होते त्याचा शिष्य पुण्यात त्या कामाच्या शिरोभागी आला, हा योग फलदायी ठरला. तथापि ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात घडलेली पद्धती महाभारताला जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही सुकथनकरांनीच सर्वांत स्पष्टपणे ओळखले.

या अडचणीचे कारण पोथ्यांच्या स्वभावात होते. एका मूळ प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला झालेल्या असतील तर चुकांच्या साम्यावरून पोथ्यांची वंशावळ लावता येते आणि त्या वंशावळीच्या मुळाशी असलेला पाठ जवळजवळ यांत्रिकपणे निश्चित करता येतो. महाभारताच्या लेखनिकांनी मात्र एका पोथीवरून नक्कल करताना दुसरी शेजारी ठेवली, समासात भर घातली, ऐकलेली आख्याने जोडली, आणि यात्रा, मठ व दरबार यांच्या वाटेने एका प्रांतातील पाठ दुसऱ्या प्रांतात नेले. अशा संकरामुळे शुद्ध वंशावळ मांडणे अशक्य झाले. सुकथनकरांनी त्याऐवजी लिपीचा आधार घेतला. काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली आणि देवनागरी या लिप्यांतील पोथ्या उत्तरेच्या शाखेत, तर तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम् लिप्यांतील पोथ्या दक्षिणेच्या शाखेत येतात. एका लिपीतील पोथ्या त्या प्रांताबाहेर फारशा वाचल्या जात नसल्यामुळे लिपी ही पाठाचे वेगळेपण राखणारी भिंत ठरते, आणि ज्या देवनागरीला अशी भिंत नव्हती तिच्या पोथ्यांतच संकर सर्वाधिक आढळतो. म्हणून ज्या दोन शाखांचा परस्परसंबंध संभवत नाही, उदाहरणार्थ काश्मीरची आणि केरळची, त्यांच्यात एकमत असेल तर तो पाठ जुना मानावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. जिथे एकमत नाही तिथे इतर पाठ ज्यापासून निघाले असे दाखवता येते तो पाठ घ्यावा, आणि गुळगुळीत पाठापेक्षा खडबडीत पाठावर अधिक विश्वास ठेवावा, कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, मोडलेले वृत्त नीट करतो, पण सोपे मुद्दाम अवघड करत नाही.

सूत्र कितीही नेमके असले तरी त्याला लागणारा कच्चा माल हाताच्या कष्टाने गोळा करावा लागतो. प्रत्येक श्लोकासाठी आडव्या-उभ्या रेघांनी आखलेला कागद वापरला जाई. वरच्या ओळीत छापील आवृत्तीचा श्लोक एका चौकोनात एक अक्षर याप्रमाणे लिहिलेला असे, आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ राखून, जिथे अक्षर वेगळे असेल तिथेच त्या पोथीतील अक्षर त्याच्या चौकोनात भरले जाई. पोथी वाचणारे शास्त्री आणि पदवीधर त्या कामासाठी शिकवून तयार केलेले होते, आणि भरलेला कागद पुन्हा तपासल्याशिवाय संपादकाकडे जात नसे. आदिपर्वातील कोणत्याही भागासाठी किमान दहा पोथ्या ताडल्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथाच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या पहिल्या दोन अध्यायांसाठी ही संख्या पन्नासपर्यंत गेली. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणे शक्य नसल्याने बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनातील विश्वभारतीत आणि दक्षिणेकडील पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात चाले. पूर्ण झालेल्या आवृत्तीसाठी पाहिलेल्या पोथ्यांची संख्या १२५९ सांगितली जाते. ज्या शास्त्र्यांनी आयुष्याची वर्षे या चौकोनांत घातली त्यांची नावे प्रस्तावनांच्या ऋणनिर्देशापलीकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि संपादकांच्या कीर्तीबरोबर त्यांचे ऋण मानले गेले नाही तर या इतिहासाचे चित्र अपुरे राहील.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आणि संपूर्ण पर्व सुकथनकरांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पृष्ठांची रचनाच त्यामागच्या नीतीची ओळख करून देते. वर सिद्ध केलेला पाठ असतो. त्यात जो शब्द किंवा चरण पुराव्याने पक्का ठरत नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. कोणत्याही पोथीत नसलेला पण संपादकाने सुधारून घेतलेला पाठ ताऱ्याने दाखवला जातो, आणि अशा सुधारणा फारच थोड्या आहेत. ज्या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेल्या ठरल्या, त्या तळटीपांत क्रमांकासह छापल्या जातात व लांबलचक प्रक्षेप परिशिष्टात जातात. संपादकाला अमान्य असलेला मजकूरही अशा रीतीने ग्रंथाच्या आतच राहतो, आणि ज्याला निर्णय पटत नाही त्याला तो फिरवण्यासाठी लागणारे सर्व साहित्य त्याच पानावर मिळते. आपला निर्णय मोडून काढण्याचे साधन प्रतिपक्षाच्या हाती देणारी ही तयारी पांडित्यापेक्षाही दुर्मीळ असते.

काही निर्णय लोकमानसाला धक्का देणारे होते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही घराघरांत सांगितली जाणारी कथा अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत नसल्यामुळे परिशिष्टात गेली. स्वयंवरात धनुष्य उचलणाऱ्या कर्णाला सूत म्हणून नाकारणारे द्रौपदीचे शब्द तळटीपेत उतरले. सभापर्वात, ज्याचे संपादन अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, वस्त्रे वाढत जाण्याची घटना राहिली, पण द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मूळ पाठात राहिला नाही. हे निर्णय कथांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेविषयी नव्हते, आणि तसे ते समजले गेले तेव्हा विनाकारण वाद झाले. कीर्तनकाराला गणपतीची कथा सांगण्याचा अधिकार जितका पूर्वी होता तितकाच आजही आहे; आवृत्ती एवढेच सांगते की पोथ्यांच्या पुराव्याने पोहोचता येणाऱ्या सर्वांत जुन्या पाठात ती नाही.

पद्धतीची खरी परीक्षा आदिपर्व छापून झाल्यावर अनपेक्षितपणे झाली. नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक प्राचीन नेपाळी ताडपत्र पोथी उपलब्ध झाली, जी सुकथनकरांना पाठ ठरवताना मिळालेली नव्हती. १९३८-३९ च्या सुमारास त्यांनी तिच्यावर स्वतंत्र लेख लिहून, या पर्वाची ज्ञात असलेली सर्वांत जुनी पोथी म्हणून तिचे परीक्षण केले. त्यांनी प्रक्षिप्त ठरवून बाजूला काढलेले अनेक भाग तिच्यात मुळातच नव्हते. अनुमानाने काढलेला निष्कर्ष नंतर हाती आलेल्या स्वतंत्र पुराव्याने खरा ठरावा, असा प्रसंग निसर्गविज्ञानात अपेक्षित असतो. भाषाशास्त्रीय संपादनात तो क्वचितच येतो.

आक्षेपही वजनदार होते. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी असे सुचवले की मूळ पाठ शोधण्याचा खटाटोप सोडून नीलकंठांचा रूढ पाठच छापावा आणि त्याला सर्व पाठभेद जोडावेत. प्रांतोप्रांतीच्या पोथ्यांतून एकत्र केलेला हा पाठ प्रत्यक्षात कोणत्याही काळी कोणी वाचला नव्हता, हा आक्षेप पुढेही घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. सुकथनकरांनी स्वतः आपला पाठ व्यासांचा मूळ शब्द असल्याचा दावा कधी केला नाही; उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागचे रूप, एवढीच त्याची मर्यादा त्यांनी आखली होती.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकरांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी स्वतः संपादिलेली आदि आणि आरण्यक ही पर्वे, तसेच रघुवीर यांचे विराटपर्व व सुशीलकुमार डे यांचे उद्योगपर्व ही प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले, तर रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, रा. द. करमरकर अशा विद्वानांनी एकेक पर्व सिद्ध केले. इतक्या भिन्न स्वभावाच्या आणि भिन्न शिक्षणाच्या माणसांच्या हातून एकच ग्रंथ निघाल्यासारखा वाटतो याचे श्रेय १९३३ च्या त्या प्रस्तावनेला द्यावे लागते, कारण प्रत्येक संपादकाला तिच्यातील नियमांच्या चौकटीत काम करावे लागले आणि नियमापासून दूर जायचे असेल तर कारण लिहावे लागले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन् यांनी पुण्यात आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा केली.

तोपर्यंत ही शिस्त संस्थेच्या भिंतींबाहेर पोहोचली होती. डेक्कन कॉलेजचे सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर पाठ्यग्रंथ लिहिला आणि १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम उभे केले, ज्यात शब्दाचा प्रत्येक दाखला ग्रंथ आणि स्थळ यांसह स्वतंत्र चिठ्ठीवर नोंदवला गेला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. व्यवसायाने गणिती असलेले गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तीनशेहून अधिक पोथ्या ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली, आणि महाभारताच्या पर्वसंग्रह या अनुक्रमणीत दिलेल्या श्लोकसंख्यांची चिकित्सा संख्याशास्त्रीय दृष्टीने केली. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील लेखांसाठी हीच आवृत्ती आधाराला घेतली, त्यामुळे द्रौपदी, कुंती किंवा कर्ण यांच्याविषयीचे त्यांचे निष्कर्ष न पटणाऱ्या वाचकालाही त्यांच्याशी नेमक्या श्लोकावर बोट ठेवून वाद घालता आला.