जवळा बाजार : सौरऊर्जेआधीचा व नंतरचा वीजदर

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. विजेचा दर गावावरून ठरत नाही. महावितरणच्या क्षेत्रात जवळा बाजार असो की पुणे, घरगुती ग्राहकाला राज्य विद्युत नियामक आयोगाने ठरवलेला एकच दर लागतो. मुंबईतील अदानी, टाटा व बेस्ट यांचे दर वेगळे. त्यामुळे इथल्या विजेचे मोल जोखताना ती कधी येते, किती तास टिकते, हेही पाहावे लागते.

मराठवाड्यातले मोठे औष्णिक केंद्र परळीचे. त्याला कोळशाइतकीच पाण्याची गरज; 2013 व 2015 मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. (येलदरीचे जलविद्युत केंद्र 22.5 मेगावॉटचे, तेही पूर्णेला पाणी असेल तेव्हाचे.) वीज कमी पडली की ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त, नियमित बिल भरणाराही त्यात अंधारात बसे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळे. हळदीला पाणी द्यायला मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची धास्ती बाळगत बांधावर जायचे, ही किंमत कोणत्याच बिलावर छापली जात नाही.

सौर विजेचा खरेदीदर मात्र झपाट्याने उतरला. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने 2010 मध्ये तो युनिटमागे 17.91 रुपये धरला होता; 2017 मध्ये राजस्थानातील भाडला येथे बोली 2.44 रुपयांवर आली. त्याच वर्षी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. 2023 पासूनच्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात गायरान किंवा भाड्याच्या जमिनीवरच्या प्रकल्पांची वीज 3 रुपयांच्या आसपास पडते. एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते, म्हणून ही स्वस्ताई शेतकऱ्याच्या खिशापेक्षा तिजोरीच्या कामी येते. शेतकऱ्याचा लाभ म्हणजे दिवसाची वीज, आणि तो लहान नव्हे.

घरगुती बिलात तेवढी घट उतरलेली नाही. 2024-25 मध्ये वहन आकारासह दर 100 युनिटांपर्यंत 5.88 रुपये होता, तर 101 ते 300 साठी 11.46, म्हणजे जवळपास दुप्पट. उन्हाळ्यात कूलर लावला की शंभराची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. राज्य आयोगाच्या 2025 च्या आदेशात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आली. भरदुपारच्या कूलरला ती लागू पडते, पण त्यासाठी घरात स्मार्ट मीटर बसलेला हवा.