नांगर न लागलेला घास

गणपती बसतात, मोदकांचा दिवस पार पडतो आणि दुसऱ्या दिवशी भोरच्या जुन्या घरांतून एका मोठ्या पातेल्यात बिनफोडणीची भाजी शिजते. मक्याच्या कणसाचे दोन-दोन बोटं जाडीचे तुकडे आणि सुरणाच्या फोडी आधी पडतात, कारण त्यांना वेळ लागतो. मग लाल भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, ओल्या शेंगांचे दाणे. अळूचे आणि माठाचे देठ सोलून, बोटभर लांब कापून, सगळ्यांत शेवटी पाला. अळू आणि सुरण दोन्ही खाजरे. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिंचेचा कोळ सढळ हाताने आणि शिजवणं अगदी गाळ होईपर्यंत. वरून वाटलेली हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं. कुणी लोण्याचा गोळा सोडतं. तेल नाही, गूळ नाही, आणि पानात पोळी-भाकरीही नाही.

ही ऋषीची भाजी. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा दंडक आहे. ही भाजी त्यातून जन्मली.

आजकाल पुण्या-मुंबईत धान्य सोडून खाणाऱ्यांची एक जमात तयार झाली आहे. त्यांच्या आहाराचं नाव पॅलिओ. या विचाराचा उगम अमेरिकेत. वॉल्टर व्होएग्टलिन या पोटविकारतज्ज्ञाने १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक काढलं. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा या विषयावरचा लेख १९८५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने त्याला घरोघरी नेलं. मांडणी अशी की माणसाचं शरीर शिकार आणि कंदमुळांवर घडलं, शेती कालची. तेव्हा गहू, तांदूळ, डाळी, दूध, साखर बाजूला ठेवा. ऋषीच्या भाजीचं पातेलं वरवर पाहिलं तर याच पंगतीला बसेल असं वाटतं. पण पॅलिओवाला मक्याचं कणीस आणि भुईमुगाचा दाणा आधी उचलून बाहेर टाकील. ऋषिपंचमीला दोन्ही चालतात. दोघांनी रेघ ओढली आहे ती वेगवेगळ्या जागी. एक विचारतो, हा पदार्थ कोणता? दुसरी विचारते, हा पिकवताना राबलं कोण?

हा प्रश्न प्रामाणिकपणे लावला तर ताट किती रिकामं होतं ते पाहण्यासारखं आहे. भात-गहू-ज्वारी गेली, कारण नांगर आणि कुळव बैलाचा. तेल गेलं, कारण तेलाचा घाणा बैल ओढायचा. गूळ गेला, कारण उसाचा चरकही त्यानेच फिरवला. विहिरीवरच्या मोटेला बैल जुंपलेला, म्हणजे मोटेच्या पाण्यावर वाढलेला मळाही गेला. उरतं ते फक्त परसातलं. दारच्या मांडवावर चढलेला पडवळ-दोडका, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू, कुदळीने खणून लावलेला सुरण, आणि आभाळाच्या पाण्यावर आपणहून आलेला पाला. म्हणून ही भाजी अनेक भाज्यांची मिसळ झाली असावी. परसात एका जिन्नसाचं पीक येत नाही. चार पडवळ, दोन कणसं, मूठभर भेंड्या एवढंच हाती लागतं.

दंडकाचं मूळ मात्र परसात नाही, रानात आहे. मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थाला बजावतो की नांगरलेल्या जमिनीतलं खाऊ नको, कुणी टाकून दिलेलं असलं तरी नको. आणखी पुढे, दहाव्या अध्यायात, शेतीला नावं ठेवण्याचं कारणही येतं. लोखंडी फाळाचं लाकूड भूमीला आणि तिच्या पोटातल्या जिवांना इजा करतं. त्याच्याही आधीच्या वैदिक वाङ्मयात वनस्पतींची गावातल्या आणि रानातल्या अशी वाटणी आहे. रानातल्या यादीत सावा, रानतीळ आणि बांबूचं बीसुद्धा बसतं. ऋषी म्हणजे रानातलं खाणारा माणूस. त्याच्या नावाचा दिवस आला की गृहस्थाघरच्या बाईने एक दिवस त्याचं ताट वाढून घ्यायचं, असा हा प्रकार.

व्रत म्हणून त्याला पुराणाचा आधार भविष्योत्तराचा देतात, आणि काशीत १७३६ मध्ये रचल्या गेलेल्या ‘व्रतराज’ या ग्रंथाने ते घरोघरच्या पोथ्यांत पक्कं केलं. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे यांनी नोंदवलं आहे की हे व्रत मुळात स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी होतं. पुढे ते बायकांकडेच राहिलं. का राहिलं ते कहाणी ऐकली की कळतं. आई विटाळ न पाळल्याने कुत्री होऊन आणि बाप बैल होऊन आपल्याच मुलाच्या दारात आले आहेत. श्राद्धाच्या खिरीत सापाने गरळ टाकलेली कुत्री पाहते, ब्राह्मण मरू नयेत म्हणून पातेल्याला शिवते आणि सुनेच्या हातचं कोलीत खाते. रात्री ती गोठ्यात येऊन रडते तेव्हा बैल सांगतो की मीही दिवसभर राबलो आणि उपाशीच आहे. मुलगा ते ऐकतो, रानात ऋषींकडे जातो, ऋषी त्याला हे व्रत सांगतात.

विटाळाचा भाग आज कुणाला पटवून द्यायच्या लायकीचा नाही, आणि तो सोडून दिल्याने काही बिघडतही नाही. कहाणीतला उपाशी बैल मात्र सोडता येत नाही. ज्याच्या श्राद्धाला पंगती उठतात तोच गोठ्यात चाऱ्याविना उभा, हे ज्याने रचलं त्याला शेतकऱ्याचं घर आतून ठाऊक होतं. पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते, शिंगांना रंग मिळतो. ऋषिपंचमीला त्याला काहीच मिळत नाही. त्याच्या घामाचं खाणारा माणूस तेवढा एक दिवस हात आखडता घेतो.

या ताटात एक धान्य मात्र मानाने बसतं. देवभात. तळ्याच्या काठाला, दलदलीत, ओढ्याच्या कडेला आपोआप उगवणारा हा रानटी भात, संस्कृतात नीवार. कालिदासाच्या शाकुंतलात राजाला आश्रम जवळ आल्याची खूण पटते ती पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. गोळा करायला हा भात भलता कटकटीचा. दाण्याला लांब तांबूस कुसळ असते आणि पिकला की तो लोंबीत थांबत नाही, जरा हात लागला की गळून चिखलात जातो. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून जो भात आपलासा केला, त्याची पहिली खोड मोडली ती हीच. देवभाताने ती मोडू दिली नाही, म्हणून त्याला ना पेरणारा लागतो ना नांगरणारा. पावशेरभर दाण्यांसाठी सकाळ मोडते. म्हणून तो व्रतापुरताच खाल्ला जातो.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अशाच एका रानभाताला अधिकृत नाव दिलं, ओरायझा निवारा. पुढे आशियातल्या भातशेतीला खुरट्या रोगाच्या विषाणूने ग्रासलं तेव्हा फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका निवाराच्या नमुन्यात. त्याचं रक्त घेऊन तयार झालेला आयआर ३६ हा वाण १९७६ नंतर आशियाभर लाखो हेक्टरांवर गेला. ऋषींच्या पानातलं धान्य असं पुन्हा नांगराखाली आलं.

हा नेम एकट्या महाराष्ट्राचा नाही. छत्तीसगड आणि उत्तर प्रदेशात याच महिन्यात हलषष्ठी येते. बलरामाचं आयुध नांगर, म्हणून त्या दिवशी नांगरटीचं काही नाही. पसहर नावाचा रानभात आणि म्हशीचं दूध-दही तेवढं चालतं. भाद्रपदातच हे का, याचं उत्तर पंचांगापेक्षा कणगीत शोधावं. हळवा भातही अजून हिरवा असतो, गरवा तर कार्तिकात हाती येतो, आणि गेल्या सालचं धान्य तळाला लागलेलं असतं. रान आणि परस मात्र याच दिवसांत ओसंडतात. धान्य वाचवायची गरज आणि धान्य न खाण्याचं पुण्य एकाच पंधरवड्यात पडावं, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही.

भोर आणि वेल्हे हा मुलूख या हिशेबाला चपखल बसतो. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, पण गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ ही जुनी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. खोऱ्यांच्या तळाला भातखाचरं. तिथे आषाढात गुडघाभर चिखलात बैल चिखलणी करतात. वर, तोरण्या-राजगडाच्या सोंडांवर, जमीन वरकस. तिच्यात नाचणी आणि वरई. जिथे उतार इतका उभा की बैलाचा पाय ठरत नाही, तिथे माणूस कुदळीनेच खणत आला. म्हणजे एकाच गावात बैलाचं अन्न खाली आणि माणसाच्या हाताचं अन्न वर. एकादशीला वरईचा भात चालतो आणि तांदळाचा चालत नाही, याचं कोडं अनेकांना पडतं. वनस्पतिशास्त्राच्या लेखी वरई हे गवताचंच बी, तांदळाइतकंच धान्य. पण डोंगरउतारावरून पाहिलं तर कोड्याची गाठ सैल होते. वरई नांगराच्या राज्याबाहेरची आहे.

त्याहून वर रान. टाकळा, कुरडू, भारंगी, कवला, फोडशी, करटुली, चाईचे कोंब, तेरं. आणि कडू करांदा, ज्याला गोड मानून घ्यायला कष्ट पडतात. वेलावर लटकणारे हे बटाट्यासारखे गोळे सोलून चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा वाहत्या पाण्यात धुवायच्या, कडूपणा उतरेपर्यंत हेच चालू. न केल्यास पोट उलटतं. कातकरी आणि महादेव कोळी घरांना ही रीत कुणी व्रत म्हणून शिकवली नाही. पावसाळ्यात काम नाही आणि घरात दाणा नाही, म्हणून ती टिकली. धान्याशिवाय जेवण हे काहींच्या वाट्याला वर्षातून एक दिवस आलं, काहींच्या वाट्याला महिनोन्‌महिने, आणि दुसऱ्यांची पोथीत नोंद नाही.

पॅलिओच्या पुस्तकांनाही इथे एक अडचण आहे. अश्मयुगीन माणूस धान्य खातच नव्हता, हे म्हणणं उत्खननांपुढे टिकत नाही. मोझांबिकमधल्या एका गुहेत लाखभर वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीचे पिष्टकण मिळाले. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी बार्ली आणि गव्हाचे दाणे सापडले. तेव्हा गवताचं बी माणसाच्या तोंडी फार आधीपासून होतं. नवा होता तो नांगर. पुणे जिल्ह्यात तोही तसा जुनाच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा वर्षं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यावर बैलगाडीचं चित्र निघालं. जवळच्या वाळकीला तर हाडाचा फाळ मिळाला. त्याच इनामगावच्या शेवटच्या काळात पाऊस हटला, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेती मागे पडून गुरं राखणं आणि शिकार वाढली, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं आहे. नांगर सोडून रानाकडे वळायची वेळ इथल्या माणसावर व्रताआधीही आली होती.

भाजीतल्या जिनसांचं वय काढायला बसलं तर ऋषींची चांगलीच फजिती होते. मका, लाल भोपळा, भुईमूग, हिरवी मिरची हे चौघेही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर आलेले. भेंडीचं मूळ बहुधा आफ्रिकेत. सप्तर्षींपैकी एकानेही मक्याचं कणीस पाहिलं नव्हतं. तरी कुठल्याही आजीने त्याला अडवलं नाही, कारण तिच्याकडे नावांची यादी नव्हतीच. दारात कुदळीने लावलं ना, मग आत या. साबुदाण्यानेही फराळात असाच शिरकाव केला.

आता अडचण आली आहे ती बैलाकडूनच. भोरच्या बाजारात आणि पुण्याच्या मंडईत पंचमीच्या आदल्या दिवशी ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. त्यातली भेंडी आणि पडवळ ट्रॅक्टरने नांगरलेल्या, विजेच्या पंपाने भिजवलेल्या रानातली असते. खाचरात पॉवर टिलर शिरला आहे. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पठारावर, साडेचार हजार फुटांच्या आसपास, जिथे शिडीने चढावं लागतं, तिथल्या शेतकऱ्यांनी काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर सुटा करून, एकेक भाग खांद्यावरून वर नेला आणि तिथे जोडला. बैल विकला गेला, तेल गिरणीचं झालं, गूळ इंजिनाच्या चरकाचा. कहाणीचा शब्द धरून चाललं तर आज बाजारातली गव्हाची पोळी पंचमीला बिनघोर खाता येईल, तिच्यात बैल कुठेच नाही. तरी ती कुणी वाढून घेत नाही. परसात अळू आणि भोपळा असलेल्या घरांतून पातेल्यात आधी तेच पडतं, आणि कमी पडेल तेवढाच वाटा बाजारातून येतो.