उत्तर बुकोव्हिनाचे रोमानियन
१७७५ साली मोल्डाव्हियाकडून ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेलेला आणि १९१८ साली रोमानियात विलीन झालेला जो बुकोव्हिना प्रांत, त्याचा उत्तर भाग १९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत सरकारच्या निर्वाणीच्या खलित्याने हिरावला गेला; आणि पुढच्याच वर्षी, १ एप्रिलला, फंताना अल्बा येथे सरहद्द ओलांडू पाहणाऱ्या निःशस्त्र रोमानियन ग्रामस्थांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा अन्याय विसरता येण्याजोगा नाही. हा भाग आज ज्यात आहे त्या स्वतंत्र युक्रेनने २०१२ साली कायदा करून, एखाद्या प्रदेशातील किमान दहा टक्के लोकांच्या भाषेस प्रादेशिक दर्जाची तरतूद केली खरी. परंतु युरोपाभिमुख आंदोलनाच्या विजयानंतर, २०१४ च्या फेब्रुवारीत, संसदेने तोच कायदा रद्द करण्याचा ठराव केला. २०१७ च्या शिक्षणविषयक कायद्याने अल्पसंख्याकांचे मातृभाषेतील शिक्षण आकुंचित झाले, आणि युरोपीय संघाच्या प्रवेशवाटाघाटींसाठी २०२३ च्या डिसेंबरात ते निर्बंध शिथिल करावे लागले.