विळ्याचे दांते

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हे कोल्हापूर जिल्ह्यांतील पावसाळी तालुके भाताचे. आश्विन सरत आला कीं तेथें घरोघर विळे बाहेर निघतात. आणि भाताचा विळा म्हणजे दांतेरी विळा. याच जिल्ह्यांतील उंसाच्या कोयत्याला दांते नसतात, खुरप्यालाही नसतात. मग भातालाच ते कां लागावे?

कोयता घाव घालून तोडतो. विळा मुठींत धरलेला चूड ओढून कापतो. भाताच्या काडींत वाळूच्या जातीचें द्रव्य असतें. साधी धार तिच्यावरून घसरते आणि लवकर बोथट होते. दांता मात्र काडींत रुततो व तिला निसटूं देत नाहीं.

ओढून कापण्याची ही युक्ति लोखंडाहून जुनी आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें. तेथें तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचीं गारेचीं लहान पातीं मिळालीं. अशीं पातीं लांकडाच्या किंवा हाडाच्या खोबणींत एकापुढें एक बसवीत. खुद्द कोल्हापुरांत ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ सालीं सांकलिया व दीक्षित यांनीं सातवाहनकालीन वसाहत उजेडांत आणली. त्या काळापर्यंत लोखंड दक्षिणेंत चांगलेंच रुळलें होतें. विळ्याचें संस्कृत नांव ‘दात्र’. दांत्यांवरून तें पडलें असावें असें कोणासही वाटेल, पण त्याचें मूळ कापणें या अर्थाच्या धातूंत आहे. यास्कानें तर पूर्वेकडील लोक क्रियापद वापरतात आणि उत्तरेकडील लोक ‘दात्र’ हें नाम वापरतात, असा देशभेदही नोंदविला आहे. व्याकरणकाराला उदाहरणासाठीं विळाच सुचावा, यांत नवल नाहीं.

दांते पाडण्याचें काम मोठें नाजूक. पातें घडवून झालें कीं लोहार तें सावकाश निवूं देतो, कारण कडक पोलादावर छिनी चालत नाहीं. मग पातें ऐरणीवर आडवें ठेवून छिनी तिरपी धरावयाची व हलक्या हातोडीनें एका ठोक्यास एक खांच पाडावयाची. विळा आपल्याकडे ओढावयाचा असल्यानें दांत्यांचा कल मुठीकडे असतो. खांचा एकाच बाजूस. दुसरी बाजू गुळगुळीत. माप डोळ्यांत आणि मनगटांत. शेफील्डचे कारागीर यंत्रें येण्यापूर्वीं कानशी पाडीत, त्याही अशाच, छिनीच्या एकेका ठोक्यानें.

खरी परीक्षा यापुढची. पातें लाल करून त्यास पाणी पाजावयाचें. पाणी अधिक चढलें तर दांते मोडतात; कमी पडलें तर वांकतात. म्हणून पाणी दिल्यावर पातें पुन्हां बेतानें ऊन करावें लागतें. नंतर दगडावर गुळगुळीत बाजूच घांसावयाची. पलीकडच्या खांचांमुळें दांते आपोआप तीक्ष्ण होतात. खांचा झिजल्या कीं विळा परत भट्टींत जाई: पातें मऊ करावयाचें, नवे दांते पाडावयाचे, पुन्हां पाणी द्यावयाचें.

लोहार हा गांवचा बलुतेदार. या कामाचें मोल त्याला रोख मिळत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. म्हणजे पीक बुडालें कीं त्याचेंही बुडालें. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेची कठोर चिकित्सा केली आहे. तिचे दोष खरेच. तरी विळा बिघडला तर कोणाकडे न्यावयाचा, हा प्रश्न त्या काळीं गांवांत पडत नसे. बाजारांत तयार विळा मिळूं लागला, तसा झिजलेला विळा दुरुस्त करण्यापेक्षां टाकून देणें सोपें झालें.

दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें पुढें ‘वैभव’ विळ्याची शिफारस केली. हाही दांतेरीच, भात जमिनीलगत कापण्यासाठीं. खोडकिड्याच्या अळ्या धसकटांत दडून राहतात. धसकट जितकें आंखूड, तितका त्यांना आसरा थोडा आणि गोठ्यांतील जनावरांना पेंढा अधिक. मात्र इतक्या खालीं कापावयाचें म्हणजे दिवसभर वांकून राहणें आलें, आणि कापणीला वांकणाऱ्यांत बायकाच अधिक असतात. त्यांच्या हातांतील विळा एका ओढीस चूड कापतो कीं दोन, हें लोहाराच्या त्या हलक्या ठोक्यांवर अवलंबून असे.