पंचवटीचा पत्ता

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, एका बागेचा पत्ता दिलेला आहे. पत्ता म्हणण्याचे कारण असे की, लिहिणाऱ्याने नद्यांची नावे घेतली आहेत. एदेनातून एक नदी निघते आणि पुढे तिचे चार फाटे होतात : पीशोन, गीहोन, हिद्देकेल आणि फरात. यांतील शेवटच्या दोघी आजही इराकातून वाहतात. हिद्देकेल म्हणजे तैग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस. पहिल्या दोघींचा मात्र ठाव लागत नाही. पाकिटावर गाव आणि पेठ ओळखीची, पण गल्ली कधी न ऐकलेली असावी, तसा हा प्रकार आहे. असले पाकीट हाती पडलेला पोस्टमन स्वस्थ कसा बसणार? दोन हजार वर्षे तो हिंडतोच आहे.

पहिल्या शतकात जोसेफस या यहुदी इतिहासकाराने सांगून टाकले की, पीशोन म्हणजे हिंदुस्थानातली गंगा आणि गीहोन म्हणजे नाईल. १४९८ साली आपल्या तिसऱ्या सफरीत कोलंबस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी आला. समुद्रात गोड्या पाण्याचा एवढा लोंढा कोठून येतो, याचे त्याला नवल वाटले आणि हे पाणी स्वर्गीय बागेकडूनच येत असावे, असे त्याने आपल्या राजाराणीला कळवले. ते पाणी ओरिनोको नदीचे होते. १८८१ साली जनरल गॉर्डनला सेशेल्स बेटांवर एदेन सापडले. ज्या प्रचंड दर्यायी नारळाच्या कवटीचे कटोरे आपल्याकडचे फकीर हातात घेऊन फिरत, त्याचे झाड म्हणजेच तो निषिद्ध वृक्ष, अशी त्याची खात्री झाली! त्याच साली डेलित्झ नावाच्या जर्मन पंडिताने बाबिलोनच्या परिसरातले कालवे हिशेबात धरून बाग तेथे नेली. आणि १८८५ साली बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वॉरन यांनी ती थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवली.

वॉरनसाहेबांचे नाव मराठी वाचकाला अगदी परके वाटू नये. लोकमान्य टिळकांनी वेदांतील आर्यांचे मूळ घर ध्रुवप्रदेशात शोधणारा आपला ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा वॉरनच्या पुस्तकाची त्यांनी आदराने दखल घेतली होती. लोकमान्यांना पुण्यातच उत्तर मिळाले. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली ग्रंथ लिहून आर्यांचे मूळ घर पुन्हा सप्तसिंधूच्या प्रदेशात आणले. एकाने बर्फात नेले, दुसऱ्याने परत आणले. दोघांचाही आधार ऋग्वेदच!

आम्हां नाशिककरांना या मंडळींना हसण्याचा अधिकार नाही. आमच्याही हाती एक पाकीट आहे.

अरण्यकांडात अगस्त्य ऋषी रामाला सांगतात की, येथून दोन योजनांवर, गोदावरीजवळ, पंचवटी नावाची रम्य जागा आहे. गोदावरी ओळखीची. पण ‘येथून’ म्हणजे कोठून? लोक अगस्तीचे स्थान अकोल्याला, प्रवरेच्या काठी दाखवतात, तसेच मनमाडजवळच्या अंकाई किल्ल्यावरही दाखवतात. योजन आठ-नऊ मैलांचे धरले, तर दोन योजने म्हणजे सोळा-अठरा मैल होतात. अकोला नाशिकपासून सरळ रेषेतही पस्तीस मैलांच्या आसपास पडते आणि अंकाईही काही जवळ नाही. बरे, गोदावरी तरी एकट्या नाशिकची कोठे आहे? त्र्यंबकला उगम पावून ती जवळजवळ साडेचौदाशे किलोमीटर वाहते. खाली तेलंगणात भद्राचलमजवळ तिच्याच काठी पर्णशाला नावाचे गाव आहे आणि रामाची पर्णकुटी येथेच होती, असे तेथले लोक तितक्याच निष्ठेने सांगतात. जटायूचीही तीच गत. तो आमच्या इगतपुरी तालुक्यात टाकेदला पडला, आंध्रात लेपाक्षीला पडला आणि केरळातही पडला.

लंकेचा प्रश्न आला की पंचवटीचे आसन आणखी डळमळते. १९२६ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी लंका अमरकंटकाजवळ होती, असे मांडले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही रामायणात वारंवार येणाऱ्या सालवृक्षांकडे बोट दाखवून लंका मध्य भारताच्या पूर्व भागात असावी, असे म्हटले; साल दक्षिणेतला नव्हे. आता चित्रकूट ते अमरकंटक एवढ्यातच कथा आटोपणार असेल, तर रामाने नाशिकपर्यंत यावे कशाला? चित्रकूटजवळ ‘गुप्त गोदावरी’ नावाची गुहाही आहे आणि तिच्यातून पाणी वाहते. लंका वर सरकली की पंचवटीलाही गाठोडे बांधावे लागते, ते असे.

याच सांकलियांनी १९५०-५१ साली नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. तेथे तांब्याच्या आणि दगडाच्या हत्यारांच्या काळातल्या माणसांचा माग लागला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली तशी रंगवलेली भांडी ही माणसे वापरीत. म्हणजे गाव पुरातन खरे. पण खापरावर कोणाचे नाव नसते. नाव हवे असेल तर पांडवलेण्यांत जावे. तेथे सातवाहन राजा कण्हाच्या काळच्या लेखात ‘नासिक’ आहे, ‘गोवर्धन’ तर जागोजागी आहे, पण पंचवटी नाही. उषवदाताच्या लेखात ‘रामतीर्थ’ येते, तेव्हा क्षणभर छाती फुगते. आधीचा शब्द वाचला की कळते, ते रामतीर्थ शूर्पारकातले, म्हणजे वसईजवळच्या सोपाऱ्यातले आहे. आणि तो राम बहुधा परशुराम.

माझ्यापुरते सांगायचे, तर दगडाच्या पुराव्यावर नाशिकची पंचवटी सिद्ध होत नाही आणि भद्राचलमची किंवा चित्रकूटचीही होत नाही. हे मी वर्गातही सांगतो. सीतागुंफेजवळच्या वडांना आकडे लावलेले आहेत, ते मोजून आलेली मुले माझ्याकडे जराशा रागानेच पाहतात.

पण या साऱ्या शोधकांची एक गोष्ट मला खटकत आली आहे. त्यांनी एदेनाच्या नद्या वाचल्या, पुढचा अध्याय वाचला नाही. त्यात माणसाला बागेबाहेर घालवले आहे आणि वाटेवर गरगर फिरणारी ज्वालामय तलवार ठेवली आहे. बाग कोठे, यावर शेकडो ग्रंथ झाले. पहारा कोणावर, हे त्या ग्रंथांत फारसे आढळत नाही.

आमच्या पंचवटीत सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले काळ्या दगडाचे राममंदिर आहे. त्याला चार दरवाजे आहेत. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य मंडळी मिरवणुकीने त्या दरवाजांपर्यंत गेली आणि ते बंद आहेत, असे त्यांना आढळले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाजांपुढे जाऊन बसल्या. राम येथे राहिला होता की नाही, हा वाद आत असलेल्यांनी काढला नाही आणि बाहेर बसलेल्यांनीही काढला नाही. पंचवटी कोठे आहे, याविषयी त्या दिवशी दोन्ही बाजूंचे एकमत होते. एप्रिलात रामनवमीचा रथ निघाला, तेव्हा हाणामारी झाली, दगड पडले. भाऊराव गायकवाडांनी पुढे काही वर्षे हा लढा नेटाने चालवला. दरवाजे उघडले नाहीत.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला परिषद भरली. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी तेथे जाहीर केले. काळारामाच्या दारात बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या मांडवात होते.